नानांची 1779 सालची नवी बंदूक

काही माणसं ऐतिहासिक नाटक बघत नाहीत, तपासतात. रंगमंचावर तलवार उपसली जाते, बाकीचं सभागृह श्वास रोखतं आणि ही माणसं तलवार धरणाऱ्याच्या मनगटावर घड्याळाचा पांढरट पट्टा शोधत असतात. मावळा धारातीर्थी पडला की त्याच्या चपलेच्या तळव्यावर कुठल्या कंपनीचं नाव आहे ते वाचतात. अशा माणसाच्या शेजारी शहाण्यानं बसू नये. आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत दुसऱ्या रांगेतली एक खुर्ची कायम रिकामी असते. तिच्या शेजारी नाना असतात.

मागे गणेशोत्सवात पेशवाईवरचा एक प्रवेश बसवला होता. शनिवारवाडा पुठ्ठ्याचा होता, पण त्याला नानांची हरकत नव्हती. पुठ्ठा पुठ्ठ्यासारखाच दिसतो, तो कुणाला फसवायला जात नाही असं त्यांचं म्हणणं. हरकत होती तबकातल्या केळ्यांना.

"ही कॅव्हेंडिश आहेत," नाना रंगीत तालमीला म्हणाले. "डेव्हनशरच्या ड्यूकच्या काचघरात ही जात वाढवली, 1830 च्या दशकात. पेशवाई बुडाली 1818 ला. मग बाजीरावानं ही खाल्ली कुठे?"

"नाना, हा पहिला बाजीराव आहे."

"मग तर विचारायलाच नको."

केळी गेली, द्राक्षं आली. ती बिनबियांची आहेत हे नानांनी दुसऱ्या रांगेतून ओळखलं, पण तोवर पडदा वर गेला होता.

नाना मूळचे टूलरूमचे. पिंपरीला उमेदवारी केली, हातात कानस धरून उभं राहायला शिकले आणि मग इकडे लँकेस्टरजवळ डाय बनवणाऱ्या एका वर्कशॉपात सगळी नोकरी काढली. केसाच्या जाडीएवढा फरक त्यांच्या हिशेबी ढोबळ. निवृत्त झाल्यावर मुलानं सुचवलं, बागकाम करा. नानांनी वाफे असे काटकोनात आखले की भोपळ्याच्या वेलाला पसरायची चोरी झाली. मग एका रविवारी कुणीतरी त्यांना लँडिस व्हॅलीच्या संग्रहालयात नेलं, तिथं काचेच्या कपाटात जुन्या लांब नळीच्या रायफली होत्या. त्या दिवसापासून भोपळ्याला मोकळीक मिळाली.

ही बंदूक म्हणजे ठासणीची, चकमकीच्या दगडावर पेटणारी. अठराव्या शतकात जर्मन आणि स्विस कारागीर या मुलखात आले ते आखूड, जाड नळीची शिकारी बंदूक घेऊन. इथं जंगल अफाट, शिसं आणि दारू मात्र जपून वापरायची. मग नळी लांबत लांबत चाळीस-पंचेचाळीस इंचांवर गेली, तोंड बारीक झालं, दस्ता मेपलच्या लाकडाचा आला. कोकणात डुकरांवर धरतात त्या ठासणीच्या बंदुकीची नळी आतून सपाट असते, हिच्या नळीला आतून पीळ असतो. गोळी गरगरत बाहेर पडते आणि लांबवर नेम धरते. जग हिला केंटकी रायफल म्हणतं. नानांसमोर म्हणू नये. बनली इथं, लँकेस्टरात आणि आसपास. 1815 च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईनंतर एक गाणं गाजलं आणि नाव भलत्याच राज्याचं पडलं, याचा राग नाना स्वतःची जमीन कुणी बळकावल्यासारखा काढतात.

बंदूक करायची तर आधी साल ठरवावं लागतं, कारण बाकी सगळं सालावर लटकलेलं. दस्त्याच्या पोटात तेलकट चिंध्या ठेवायची डबी असते. सुरुवातीच्या बंदुकांत तिला लाकडाचं सरकतं झाकण, पुढे पितळेचं, बिजागरीचं. खांद्याला टेकतो तो भाग आधी रुंद आणि सपाट, 1810 पर्यंत अरुंद आणि खोलगट. पाच-दहा वर्षं इकडेतिकडे झाली तर जाणकार माणूस पाच पावलांवरून ओळखतो, आणि न बोलता पुढे जातो. नाना त्या न बोलण्याला फार भितात. साल ठरवण्यात त्यांचा अख्खा हिवाळा गेला.

"अहो, आज कितीवर आलात?" माई विचारायच्या.

"सत्त्याहत्तर."

"काल पंच्याहत्तर होतं ना?"

"काल पितळ नव्हतं."

शेवटी 1779 वर शिक्कामोर्तब झालं. घराणं ठरलं जेकब डिकर्टचं. हा 1740 साली जर्मनीत जन्मला, लँकेस्टरात नावारूपाला आला आणि 1822 मध्ये वारला. नाना त्याच्याविषयी आतेभावाविषयी बोलावं तसं बोलतात. पण 1779च का, याचं उत्तर लाकडात किंवा पितळेत नव्हतं. "जानेवारी 1779, वडगाव," नाना म्हणाले. "तिकडे आपण इंग्रजांची फौज कोंडून तह लिहून घेतला. इकडे हे त्याच इंग्रजांशी भिडले होते. एका सालात दोन्हीकडून." मग कुणीतरी लक्षात आणून दिलं की क्रांतियुद्धात इथल्या बंदूककारांना फौजेसाठी मस्केटं आधी करून द्यावी लागत, खाजगी गिऱ्हाइकाच्या रायफलीला सवड कुठली? नानांना जेवण गोड लागेना. अखेर त्यांनीच तोड काढली: हे गिऱ्हाईक नात्यातलं होतं.

लाकूड बघायला मी बरोबर गेलो होतो. मेपलच्या काही खोडांत रेषा लाटांसारख्या येतात आणि पॉलिश झालं की त्या उजेडात हलल्यासारख्या दिसतात. लाकूडवाल्यानं अशी एक फळी काढली की दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही वळून बघायला लागली. नानांनी ती उलटीपालटी केली आणि परत ठेवली. "फार देखणी आहे," ते म्हणाले. जुन्या बंदुका त्यांनी इतक्या पाहिल्या होत्या की त्यांतल्या बऱ्याच साध्याच लाकडाच्या आहेत हे त्यांना पाठ होतं. देखण्या तेवढ्या लोकांनी जपल्या, भिंतीवर लावल्या, पुस्तकांत छापल्या. साध्या वापरून वापरून मोडल्या. "आजचे हौशी लोक सगळ्या बंदुका नवरीसारख्या नटवतात," असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातली एक मध्यम फळी निवडली. लाकूडवाल्यानं ती कमी पैशांत दिली, आणि नाना खट्टू झाले. अस्सलपणाला किंमत पडायला हवी होती.

खरं संकट काम सुरू झाल्यावर उभं राहिलं. नाना जे करत ते बिनचूक होत होतं.

अठराव्या शतकातला कारागीर लोखंडाची पट्टी सळईभोवती वळवायचा, भट्टीत पांढरीफट्ट होईपर्यंत तापवून ठोकून सांधायचा आणि त्या नळीला हातानं कानस मारून अष्टकोनी करायचा. त्या अष्टकोनाला आठ बाजू असत, यापलीकडे त्यानं काही कबूल केलेलं नसे. नानांच्या हातून मात्र आठही बाजू जुळ्या निघत. चाळीस वर्षं ज्या हातांना चूक करायची बंदी होती त्यांना आता चूक जमत नव्हती. शेवटी ते एका संग्राहकाकडे व्हर्नियर घेऊन गेले, एका जुन्या नळीची बोटाबोटावर मापं काढली आणि वहीत तक्ता केला: कुठली बाजू किती रुंद, कुठं किती खोल, धार कुठं मोडली आहे. आता त्या तक्त्याबरहुकूम चुका सुरू झाल्या. डायल गेज लावून नाना वाकडेपणा आणत होते. एकदा मी गॅरेजमध्ये गेलो तर डोक्याला हात लावून बसलेले.

"काय झालं, नाना?"

"चूक चुकली रे."

खालच्या बाजूचा उंचवटा त्यांना हवा होता त्यापेक्षा जरा जास्त झाला होता. तो उंचवटा बंदूक जुळल्यावर लाकडात जाणार होता. कुणाला दिसणार नव्हता. हे मी बोलून दाखवलं तेव्हा नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू केळी मीच आणली होती.

न दिसणाऱ्या जागांवर त्यांचा विशेष जीव. लॉक, म्हणजे घोडा, कमान आणि बाकीची यंत्रणा, लाकडात ज्या खाचेत बसतं ती खाच आतून जुन्या कारागिरांनी ओबडधोबड सोडलेली असे. पटाशीचे घाव तसेच. कशाला गुळगुळीत करायचं? गिऱ्हाईक बाहेरून बघून पैसे देत होतं. नानांनी आधी खाच आरशासारखी केली, मग दोन दिवस बसून तिच्यात पटाशीचे घाव घातले, तेही डावखुऱ्या माणसाचे वाटू नयेत म्हणून कोन सांभाळून.

लोखंड लाकडात कुठं अडतंय ते कळायला त्या काळी लोखंडाला काजळी फासत. ते लाकडावर टेकवायचं, काळा डाग उमटेल तिथं खरवडायचं. टूलरूममध्ये यासाठी प्रशियन ब्लू असतो. हा रंग 1700 नंतर थोड्याच वर्षांत बर्लिनमध्ये सापडला, म्हणजे 1779 मध्ये तो जगात होता, हे शोधून काढल्यावर नाना फार आनंदले आणि लगेच खिन्न झाले. जगात होता, पण लँकेस्टरच्या बंदूककाराच्या टेबलावर होता का? काजळीच ठरली. ती धरायला देवघरातलं निरांजन गॅरेजमध्ये गेलं. त्यामुळे 1779 च्या या बंदुकीतला निदान एक पदार्थ असा आहे, जो डिकर्टच्या सात पिढ्यांनी पाहिला नसेल: साजूक तुपाची काजळी.

लाकडाला रंग द्यायची रीत रासायनिक. नायट्रिक आम्लात लोखंडाचा कीस विरघळवायचा, ते पाणी लाकडाला पाजायचं, वाळू द्यायचं आणि मग निखाऱ्याची धग दाखवायची. परसात आम्ल उकळ्या मारायला लागलं, तांबूस वाफ निघाली, आणि वाऱ्याच्या दिशेच्या शेजाऱ्यानं खिडक्या लावून घेतल्या. पाणी पाजलेलं लाकूड आधी हिरवट, आजारी दिसतं. नाना दस्ता शेगडीवर हळूहळू फिरवत होते. धग लागली तसा एका टोकाकडून तपकिरी-तांबडा रंग चढत गेला, लपलेल्या लाटा वर आल्या, मध्यम फळी एकदम खानदानी झाली. नाना पुटपुटले, "जरा जास्तच झाली." पण हात थांबला नव्हता, आणि चेहरा खुलला होता.

आता लाकडात उरलेलं आम्ल मारायला हवं, नाहीतर ते पुढे त्रास देतं. माईंनी स्वयंपाकघरातून खायच्या सोड्याचा डबा आणला. सगळे तोच वापरतात.

"हा नको," नाना म्हणाले. "या देशात सोडा दुकानात आला 1846 ला."

"मग?"

"राखेचं पाणी."

माई शेगडीतली राख भरायला लागल्या. "माझी आई राखेनंच भांडी घासायची," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तिला कुणी संग्रहालयात नाही नेलं."

माईंचा संयम सुटला तो चरबीवरून. गोळी नळीत ठासताना तिच्याभोवती चिंधी असते आणि ती ओशट लागते. जुनी माणसं गाईगुरांची किंवा अस्वलाची चरबी लावत. नानांनी कागदात गुंडाळलेली चरबीची वडी फ्रिजमध्ये, दह्याच्या खाली ठेवलेली सापडली. हे घर पूर्ण शाकाहारी. माईंनी ती वडी चिमट्यानं उचलून परसात नेली. "अहो, अठराशे सत्तावन्न याच पायी झालं. माझ्या घरात परत नको." हा मुद्दा इतका ऐतिहासिक होता की नानांना उत्तर सुचेना. मग त्यांनी वाचून काढलं की घाईच्या वेळी शिकारी चिंधी तोंडात धरून नुसती थुंकीनं ओली करत. थुंकी कुठल्याही शतकात अस्सल. घरात शांतता झाली.

दगडाचीही कथा आहे, पण थोडक्यात सांगतो. चकमकीचे काळे इंग्रजी दगड सहज मिळतात, मात्र इंग्लंडात त्यांचा धंदा जोरात आला तो 1790 च्या सुमारास. 1779 साली मधाच्या रंगाचा फ्रेंच दगड हवा. तो फ्रान्सहून आला. त्याच्यावरचा टपालखर्च नानांनी माईंना सांगितलेला नाही.

नळी मात्र विकत आणलेली आहे. यंत्रावर सहज कापल्या जाणाऱ्या आजच्या पोलादाची, तयार पीळ पाडलेली. नानांनी तिच्यावर फक्त कानस चालवली आहे. हा विषय घरात काढायचा नसतो. विल्यम्सबर्गच्या जुन्या वसाहतीत वॉलेस गस्लर नावाच्या कारागिरानं सगळीच्या सगळी रायफल, नळीसकट, अठराव्या शतकातल्या रीतीनं हातानं बनवली, त्याची 1969 ची फिल्म आहे. ती नानांच्या घरी आल्यागेल्याला दाखवली जाते. नळी सांधायचा भाग आला की नाना उठून पाणी प्यायला जातात.

मला गंमत वाटते ती वेगळीच. त्या काळचा लँकेस्टरचा बंदूककार स्वतः फार काटेकोर नव्हता. लॉक जर्मनीहून किंवा इंग्लंडहून आलेलं घ्यायचं, मिळेल ते पितळ ओतायचं, जवळच्या रानातलं मेपल कापायचं. जुन्या मोडक्या बंदुकीचं लॉक नव्या दस्त्यात बसवायलाही त्याला लाज वाटत नसे. हे मी नानांना म्हटलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मिळेल ते लावायचे. पण त्यांना मिळायचं काय, ते बरोबर नको का?"

वसंतात बंदूक घेऊन आम्ही हौशी नेमबाजांच्या मेळाव्याला गेलो. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा एक मोसम फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी राखलेला आहे, 1974 पासून. त्यामुळे इथं ही विद्या नुसती कपाटात नाही, तिला गिऱ्हाईक आहे. मेळाव्यात तंबू होते, हरणाच्या कातड्याचे अंगरखे होते, आणि नानांसारखी माणसं शेकड्यानं होती. एकमेकांच्या काजांची आणि बटणांची ती ज्या नजरेनं पाहणी करत होती ती बघून मला पहिल्यांदाच नाना सौम्य वाटले.

नानांची बंदूक हातोहात फिरली. एकानं खाच उघडून आतले पटाशीचे घाव पाहिले आणि मान डोलावली. नानांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तेवढ्यात एक उंच, दाढीवाले गृहस्थ आले. बंदूक त्यांनी बराच वेळ न्याहाळली. काही सापडेना. मग त्यांनी नजर वर करून नानांकडेच पाहिलं.

"कुठलं साल म्हणालात?"

"1779."

"मग हा चष्मा?"

नानांचा चष्मा दुहेरी भिंगाचा. वरून लांबचं, खालून जवळचं. त्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं की अशा दुहेरी चष्म्याचा उल्लेख बेंजामिन फ्रँकलिनच्या 1784 च्या पत्रात आहे. पाच वर्षं उशिरा. नाना दोन क्षण उभे राहिले. दुसरा कुणी असता तर हसला असता. नानांनी वाकून त्यांचे आभार मानले, चष्मा काढून माझ्या खिशात ठेवला, आणि नेम धरायला गेले.

पुढचं त्यांना दिसत नव्हतं, पण हात जाणते होते. दारू ओतली, चिंधी तोंडात ओली केली, गोळी ठेवली, गजानं ठासली. कानाजवळच्या वाटीत चिमूटभर रंजक. घोडा मागे ओढला, चाप दाबला. फ्रेंच दगड पोलादावर घासला, रंजक फुस्सकन पेटली, आणि ती पेटण्याच्या आणि बार उडण्याच्या मधल्या त्या इवल्याशा अवकाशात नाना डोळे मिटून उभे होते. उघडे ठेवून फायदा नव्हता. धूर ओसरला. त्यांच्या निशाण्याला काही झालं नव्हतं. शेजारच्या गल्लीतल्या माणसाच्या निशाण्याला मात्र एक भोक जास्त पडलं होतं, आणि तो माणूस खूष होता.

परतताना सहीचा विषय निघाला. जुने कारागीर नळीवर नाव कोरत. डिकर्टचं नाव घालणं म्हणजे बनावटगिरी, नकलेला अस्सल म्हणून विकायचा रस्ता, नाना तिकडे पाहणारसुद्धा नाहीत. स्वतःचं नाव इंग्रजीत घालावं तर 1779 साली त्यांच्या घराण्यात कुणाला रोमन लिपी येत नव्हती.

"मोडीत घाला," मी म्हटलं. "1779 ला तुमचे पूर्वज मोडीतच लिहीत असणार."

नाना गप्प झाले. पुढच्या दोन गावांपर्यंत बोलले नाहीत. "काळ बरोबर बसतो," ते अखेर म्हणाले, "पण स्थळ चुकतं. मोडी लिहिणारा माणूस लँकेस्टरात आला कसा?" यावर त्यांचं वाचन चालू आहे. तूर्त नळीवरची ती जागा कोरी आहे. माईंचं म्हणणं, निनावी बंदुका पुष्कळ सापडतात, मग ही एक आणखी.

दरम्यान नानांनी पुढचं काम हाती घेतलं आहे: पेशवाईतली तोड्याची बंदूक. हिला दगड नाही, नुसती धुमसणारी सुती दोरी, सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली. सोपं काम, असं वाटून मी निश्चिंत होतो. परवा पुण्याला निघायच्या आदल्या रात्री त्यांचा फोन आला.

"येताना सूत आण. हातानं कातलेलं."

"आणतो."

"देशी कापसाचं बघ. अमेरिकन जातीचा कापूस आपल्याकडे आला एकोणिसाव्या शतकात. इथं दुकानात सगळा तोच आहे, मला काय उपयोग?"

"नाना, दोरी जळूनच जाणार ना?"

"हो, पण जळणार काय?"